आजीचा 'ओहन' आणि माझं प्रॅक्टिकल

दिवाळीच्या सुट्टीनंतर हॉस्टेलमध्ये जे डबे उघडतात, त्यांचा एक अलिखित नियम आहे. चिवडा चार दिवस टिकतो, चकली दोन दिवस, आणि नानकटाई? रूमचं दार आतून लावलेलं नसेल तर सात मिनिटं! लाडू-चिवडा प्रत्येकाच्या घरी होतो, पण घरी भाजलेली नानकटाई आणणारे फार थोडे. कारण सरळ आहे. आपलं स्वयंपाकघर तळणीचं आणि वाफेचं. चकली तळा, मोदक उकडा, पण चहूबाजूंनी कोरडी आच देऊन भाजायचं साधन आपल्या चुलीत नव्हतं. म्हणून तर पूर्वी दिवाळीआधी लोक घरून मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचे, नंबर लावायचे आणि भट्टीतून भाजून आलेली नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणायचे.

आमच्या कराडच्या घरी मात्र नंबर लावावा लागत नसे. आमच्याकडे 'ओहन' होता. ('ओव्हन' हा शब्द आजीने कधीच मान्य केला नाही.) १९७९ साली आजोबांना पगाराची थकबाकी मिळाली, ती घेऊन ते पुण्याला गेले आणि परत येताना एसटीत मांडीवर हे धूड घेऊन आले. अॅल्युमिनियमचा गोल डबा, तीन पाय, वर घुमटासारखं झाकण आणि झाकणाच्या मध्यभागी चहाच्या बशीएवढी काच. तळाशी मातीच्या खाचेत वेटोळं घालून बसवलेली कॉईल. थर्मोस्टॅट नाही, टायमर नाही, साधं बटणसुद्धा नाही. पिन लावली की चालू, काढली की बंद. ज्यांनी बेसिक इलेक्ट्रिकलचा पेपर नुसत्या डायग्रामवर काढला, त्यांनाही समजेल इतकं सोपं सर्किट!

गेली तीन वर्षं हा ओव्हन माळ्यावर पडून होता. आजीला कंपवात झाला, इंग्रजीत ज्याला पार्किन्सन म्हणतात तो. १८१७ साली जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरने या आजारावर निबंध लिहिला, म्हणून त्याचं नाव. मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात आणि शरीराच्या हालचालींचा ताल बिघडतो. आजीचा उजवा हात थरथरू लागला, चाल मंदावली. एकदा तिच्या हातून आमटीचं पातेलं निसटलं. त्या दिवसापासून घरात एक वाक्य सुरू झालं, "तुम्ही बसा, आम्ही करतो." आई म्हणायची, काकू म्हणायची, बाबाही म्हणायचे. सगळे प्रेमानेच म्हणायचे. आणि आजी बसायची. खिडकीजवळच्या खुर्चीत, उजवा हात डाव्या हाताने धरून.

या दिवाळीत घराला रंग काढायचा ठरला आणि माळा रिकामा झाला. काकांनी ओव्हन खाली काढला, फुंकर मारली आणि म्हणाले, "अॅल्युमिनियम आहे, भंगारवाला बरा भाव देईल." आजी खुर्चीतून म्हणाली, "द्या की. कोण लावतंय आता." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "काका, चार दिवस थांबा. मी लावतो."

"तू?" असं एकाच वेळी पाच जणांनी विचारलं. माझा स्वयंपाकातला आजवरचा अनुभव म्हणजे हॉस्टेलच्या किटलीतली मॅगी. (रेक्टरसरांनी हे वाक्य वगळून वाचावं, ही विनंती.)

सर्किट

आजी लहानपणी आम्हाला सांगायची, "ओहनला हात लावायचा तर पायात चप्पल घाल, तो चावतो." कारण उघड होतं. बॉडी धातूची, वायर कापडी वेष्टणाची आणि पिन दोन पायांची. म्हणजे अर्थिंगचा पत्ता नाही. आत कुठे फेज बॉडीला टेकली तर करंट जमिनीत जाणार तो हात लावणाऱ्यामधून. जुनी उपकरणं माळ्यावरून काढून थेट प्लगमध्ये लावणाऱ्या सर्व वीरांनी हे नीट ऐकावं. मी मोटार रिवाइंडिंगवाल्या काकांकडे ओव्हन घेऊन गेलो. त्यांनी ५०० व्होल्टचा मेगर लावून इन्सुलेशन तपासलं, सडलेली वायर काढून तीन कोअरची उष्णता सोसणारी वायर घातली, बॉडीला हिरवी वायर स्क्रूने आवळली आणि तीन पिनांचा प्लग बसवला. कॉईल मात्र मूळचीच, ठणठणीत! नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाने १९०६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तापल्यावर त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साईडचा थर बसतो आणि तो आतल्या धातूला जळू देत नाही. म्हणून लोखंडाची तार जिथे काही दिवसांत खाक होईल, तिथे ही चाळीस-पंचेचाळीस वर्षं टिकते.

मल्टिमीटरवर रेझिस्टन्स आला ८८ ओहम. व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ६०० वॅट. नायक्रोमचा रेझिस्टन्स तापल्यावर फार बदलत नाही, त्यामुळे थंड कॉईलचं रीडिंगही चालून जातं. (बल्बच्या टंगस्टनबाबतीत हे चालत नाही. ओरलला विचारतात!)

आता प्रश्न रेसिपीचा. यूट्यूबवर शंभर मिळाल्या. सगळ्यांत पहिलं वाक्य, 'ओव्हन १८० डिग्रीला प्रीहीट करा.' इथे डिग्री दाखवायला काट्याचा पत्ता नाही! मग मी आजीच्या खुर्चीपाशी वही घेऊन बसलो आणि आमची ओरल सुरू झाली. यात एक्झामिनर ती आणि प्रश्न मात्र मी विचारायचे.

"आजी, ओव्हन किती वेळ तापवायचा?"

"मैद्याची चिमूट टाकायची ताटलीत. वीस आकडे मोजेपर्यंत बदामी झाली की तापला."

"आणि लगेच काळी झाली तर?"

"मग पिन काढायची, झाकण उघडायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि परत चिमूट टाकायची."

"तळाला वाळूची ताटली कशाला?"

"नाहीतर बूड करपतं, वर कच्चं राहतं."

"संध्याकाळी केली तर चालेल का?"

"छे! दिवेलागणीला ओहन लावायचा नाही. नानकटाई बसते."

हे शेवटचं उत्तर लिहून घेताना आई स्वयंपाकघरातून हसली. पण मी मल्टिमीटर भिंतीच्या सॉकेटला लावून दोनदा रीडिंग घेतलं. दुपारी तीनला २२८ व्होल्ट. संध्याकाळी साडेसातला, आळीतले सगळे दिवे, पंप आणि टीव्ही चालू झाल्यावर १९८ व्होल्ट. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दुपारी ५९० वॅट, संध्याकाळी ४४५. म्हणजे एक चतुर्थांश आच गायब! ओव्हन मंद असला की तूप आधी वितळून पसरतं आणि पीठ नंतर शिजतं. मग नानकटाई बसणार नाही तर काय होईल? आजीला व्होल्टेज माहीत नव्हतं, पण बसलेली नानकटाई माहीत होती. तिने कारण 'दिवेलागण' असं लिहून ठेवलं होतं, एवढंच. वाळूचंही तसंच. कॉईलची उष्णता सरळ ट्रेच्या बुडावर किरणांनी येते. मध्ये वाळू आली की ती उष्णता आधी वाळू घेते, साठवते आणि सावकाश सोडते. आपण ज्याला थर्मल मास म्हणतो, ती ताटलीभर वाळू.

पीठ

धनत्रयोदशीच्या आधीची दुपार ठरली. प्रमाण असं: घट्ट थिजलेलं तूप एक वाटी, पिठीसाखर एक वाटी, मैदा दीड वाटी, बेसन पाव वाटी, बारीक रवा पाव वाटी, पाव चमचा खायचा सोडा, चमचाभर दही, वेलदोड्याची पूड आणि किसलेलं जायफळ. तूप-साखर परातीत घेऊन तळहाताने फेसायची. किती वेळ? "पांढरी होईपर्यंत." मी पाच मिनिटं फेसली आणि पांढरी झाली असं जाहीर केलं. आजी म्हणाली, "ही पिवळी आहे." दहा मिनिटं. "अजून पिवळी." पंधराव्या मिनिटाला माझा खांदा भरून आला. फेसताना तुपात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. पुढे सोड्यापासून निघणारा कार्बन डायऑक्साईड याच बुडबुड्यांत शिरून ते फुगवतो. हवा कमी तर नानकटाई दगड. आणि तुपाचा लेप पिठाच्या कणांवर बसला की ग्लुटेनचे लांब धागे तयार होत नाहीत, म्हणून ती पोळीसारखी चिवट न होता खुसखुशीत होते.

"सरक," असं म्हणत आजी खुर्चीतून उठली आणि पाटावर बसली. आई दारातून म्हणाली, "आई, तुम्ही बसा, तो करतोय ना." आजीने ऐकलं नसल्यासारखं केलं आणि परातीत हात घातला.

मी तिच्या हाताकडे बघत होतो. खुर्चीत सतत थरथरणारा तो हात परातीत गेला आणि थरथर जवळजवळ थांबली. हालचाल सावकाश होती, पूर्वीसारखा झपाटा नव्हता. पण तळहात परातीवर गोल फिरत होता, एका लयीत. आईही बघत राहिली. नंतर न्यूरॉलॉजिस्टांनी सांगितलं की या आजारातली थरथर बहुतेकदा विश्रांतीची असते. हात नुसता ठेवला की थरथरतो, कामाला लावला की बऱ्याच जणांत कमी होते. दुखणं बरं होतं असं नाही. ताठरपणा आणि मंदपणा राहतोच. पण त्या दुपारी आम्हाला हे काही माहीत नव्हतं. आम्हाला फक्त दिसलं की बसवलेला हात हलतो आणि हलणारा हात स्थिर आहे.

आईने काही न बोलता पिठाचा डबा पुढे सरकवला.

भाजणी

सोळा गोळे केले, वर चारोळ्या दाबल्या. चिमूटभर मैदा वीस आकड्यांत बदामी झाला. मी मल्टिमीटरबरोबर आलेला थर्मोकपल आत सोडला होता. रीडिंग १६८ डिग्री! यूट्यूबपेक्षा थोडं कमी, आणि नानकटाईसाठी अगदी बरोबर. म्हणजे आजीचा मैदा-थर्मामीटर कॅलिब्रेटेड होता.

ट्रे आत गेला. आजी ओव्हनकडे पाठ करून बसली. ती नेहमी तशीच बसायची, हे मला लहानपणापासून आठवतं. काचेतून आम्ही पोरं डोकवायचो. ती कधीच नाही. म्हणायची, "काच बघ्यांसाठी. मला नाक आहे." निवडता निवडता मध्येच "झाली" म्हणून उठायची आणि नानकटाई नेमकी झालेली असायची.

आठ मिनिटं झाली. सगळं घर तुपाच्या वासाने भरलं. बाहेर रंग काढणारा माणूससुद्धा शिडीवरून "काय बेत आहे?" म्हणाला. आजीने विचारलं, "वास सुटला का रे?"

मला वाटलं ओरल चालू आहे. म्हटलं, "हो, मस्त."

"कसला?"

"तुपाचा. वेलदोड्याचा."

"कच्च्या पिठाचा येतोय अजून?"

मी श्वास घेतला. "थोडासा."

ती गप्प बसली. मग हळूच वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या काचेतून आत बघायला लागली. काचेवर वाफ होती. ती पदराने काच पुसायला गेली, मी तिचा हात धरला, काच तापली होती. ती म्हणाली, "मला काही येत नाहीये. बरेच दिवस झाले. मला वाटायचं, हल्लीच्या उदबत्त्याच तशा असतात."

आई आणि मी एकमेकांकडे बघितलं. उदबत्तीला वास नाही म्हणून आजीने दोन वेळा पुडा बदलून आणायला लावला होता. आमटीत हिंग घातला नाही म्हणून कुरकुर करायची. मागच्या महिन्यात दूध करपलं तेव्हा ती स्वयंपाकघरातच बसलेली होती. या सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या होत्या, तोपर्यंत.

ओव्हन मात्र थांबणारा नव्हता. आजीनेच आधी स्वतःला सावरलं. "मग तू सांगत जा. वास कशासारखा येतोय ते सांग, मी सांगते काय करायचं."

मंडळी, 'कंट्रोल सिस्टीम्स'च्या पहिल्या लेक्चरला ओपन लूप आणि क्लोज्ड लूप शिकवतात. सेन्सर मोजतो, कंट्रोलर ठरवतो, अॅक्च्युएटर करतो. आजीमध्ये तिन्ही एकत्र होते, चाळीस वर्षं. त्या दुपारी सेन्सर गेला होता. कंट्रोलर जागेवर होता. आणि मी नवीन बसवलेला सेन्सर, ज्याला अजून एकही युनिट माहीत नाही! वासाला डिग्री नसते. मी शब्द शोधायला लागलो.

"पिठाचा गेला."

"बरं."

"आता... गरम पोळीवर तूप घातल्यासारखा."

"थांब अजून."

"आता भाजलेल्या बेसनासारखा. लाडवाचं बेसन कढईत असतं ना, तसा."

"कढईत चढताना की उतरवायच्या आधी?"

मी नाक काचेजवळ नेलं. "उतरवायच्या जरा आधी."

"काढ पिन. झाकण उघडू नको."

पिन काढली. वाळूत साठलेल्या आचेवर आणखी चार मिनिटं. मग झाकण उघडलं. सोळापैकी बारा नानकटाया फिकट बदामी, वर भेगा पडलेल्या, अगदी पूर्वीसारख्या. डावीकडच्या चार गडद, कारण त्या बाजूला कॉईलचे वेढे एकमेकांजवळ सरकलेत. दुसऱ्या घाण्याला मध्येच ट्रे अर्धा वळवला आणि सोळाच्या सोळा सारख्या आल्या.

आजीने पहिली नानकटाई हातात घेऊन मोडली. कानाजवळ धरून मोडली, आवाज ऐकायला. मग तोंडात टाकली. आपण ज्याला चव म्हणतो तिच्यातला मोठा भाग वासच असतो. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू असं मोजकंच कळतं. वेलदोडा नाकाला कळतो. आजी सावकाश चावत म्हणाली, "गोड बरोबर आहे. खुसखुशीत आहे. वेलदोडा पुरलाय का, ते तू सांग."

"पुरलाय," मी म्हणालो.

काकांनी तीन खाल्ल्या. भंगारवाल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

निष्कर्ष

(जर्नलमध्ये शेवटी असतो तसा.)

दिवाळीनंतर बाबा आजीला घेऊन न्यूरॉलॉजिस्टांकडे गेले तेव्हा वासाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, कंपवातात वास कमी होणं अगदी नेहमीचं आहे, कित्येकदा थरथर सुरू व्हायच्या काही वर्षं आधीपासून. औषधांनी हालचाल सुधारते, पण वास बहुधा परत येत नाही. मग त्यांनी विचारलं, "दुपारी घरात एकट्याच असतात का?"

आमच्या कुणाच्याच डोक्यात न आलेला प्रश्न. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. ज्याला तो वास येत नाही, त्याच्यासाठी सिलिंडर गळतोय की नाही हे कळायला काहीच साधन नाही. आजी रोज दुपारी एकटी असते आणि चहा स्वतः करते. त्याच आठवड्यात आम्ही गॅस गळतीचा अलार्म आणला आणि जमिनीपासून थोड्याच उंचीवर लावला, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. सिलिंडरची नळी बदलली. दुपारचा चहा आता इंडक्शनवर. हे सगळं झालं ते घरात कुणी नानकटाई करायला घेतली म्हणून. आजी खुर्चीतच बसून राहिली असती, तर तिला वास येत नाही हे आम्हाला कधी आणि कसं कळलं असतं, याचा विचार मी फार पुढे नेत नाही.

हे लिहिण्याचं कारण तेवढंच. तुमच्याही घरी कुणी म्हणत असेल की हल्ली उदबत्तीला वास नसतो, फोडणी खमंग होत नाही, अत्तरात भेसळ असते, तर हसून सोडून देऊ नका. वास जाण्याची कारणं अनेक असतात, साध्या सर्दीपासून. पण एकदा डॉक्टरांना दाखवा आणि घरात गॅस असेल तर अलार्म लावा.

बाकी, 'तुम्ही बसा' हे वाक्य आमच्या घरी आता कमी ऐकू येतं. आजीच्या हातून भांडी अजूनही निसटतात, म्हणून गरम पातेलं दुसरं कुणीतरी उचलतं. पण फेसणं, मळणं, वळणं तिच्याकडे. तिला वेळ लागतो, आणि तो द्यायचा असं ठरलंय.

माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात चार रकाने आखलेत: वेळ, व्होल्टेज, तापमान, वास. पहिल्या तीन रकान्यांत आकडे आहेत. चौथ्यात 'कच्चं पीठ', 'पोळीवरचं तूप', 'लाडवाचं बेसन, उतरवायच्या आधी' असं लिहिलंय. पुढच्या सुट्टीत खारी बिस्किटं करायची आहेत. आजी म्हणते, त्यांचा वास फसवा असतो, नीट शब्द शोधून ये.